सुखतळा

डोंगराच्या पायथ्याशी, जिथून खुर्च्यांची लिफ्ट सुटते, तिथे सगळे तिला बसाताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं, पण का पडलं ते एकदा त्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही कळलं असतं. तारेला लटकलेली खुर्ची मागून वळसा घेऊन यायची, बसाताई एका हाताने तिचा वेग मारायची, दुसऱ्या हाताने माणसाला पुढे घ्यायची आणि म्हणायची, "बसा." की लगेच पुढची खुर्ची. "बसा." लिफ्ट सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत दिवसभर हेच. तिचा नवरा बेकरीत कामाला होता. तो म्हणायचा, ही झोपेतही बसा म्हणते आणि मी भला माणूस उठून बसतो.

तिने बसवलेली माणसं वर जाऊन पायातल्या स्कीच्या फळ्यांवरून बर्फावर सरसर खाली यायची आणि पुन्हा तिच्याच समोर येऊन उभी राहायची. गाल लाल, नाक वाहतंय, आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी चोरून खाल्ल्यासारखा आनंद. बसाताई स्वतः मात्र त्या उतारावरून कधीच आली नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायची, "सगळेच वर गेले तर खाली बसवायला कोण राहील?" माणूस हसायचा, खुर्ची पुढे जायची आणि विषय तिथेच मिटायचा.

खरं उत्तर तिच्या डाव्या बुटात होतं. ती लहान मुलगी होती तेव्हाची गोष्ट. वडील लाकडाच्या वखारीत होते, ती त्यांचा डबा घेऊन गेली होती. ओल्या ओंडक्यांची रास सरकली आणि एक ओंडका तिच्या पावलावरून गेला. घरच्यांनी फळकुटं बांधून पाय ठेवला. हाड जुळलं, पण आपल्या मर्जीने जुळलं. घोट्याखाली आतल्या बाजूला बोराएवढं टेंगूळ वर आलं आणि तळव्याची कमान खचली. तेव्हापासून ती बूट घ्यायची तो ऐसपैस घ्यायची, डाव्याची आतली शिवण ब्लेडने उसवायची आणि तिथे कातड्याचा तुकडा लावून पुन्हा शिवायची. पाऊल कोणाला दाखवायचं नाही हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरातही ती मोज्यांशिवाय वावरत नसे. लग्न झालं तेव्हा नवऱ्याने एकदा विचारलं होतं. तिने थंडी वाजते म्हणून सांगितलं. त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही.

एका हिवाळ्याच्या तोंडाशी साहेबांनी लिफ्टवरच्या सगळ्यांना कचेरीत बोलावलं. जुनी लिफ्ट पुढच्या वर्षी निघणार होती. नवीन येणार होती तिच्या खुर्च्या आपोआप मंदावणार, रांगेपुढची दारं आपोआप उघडणार, कोणी हाताने धरायला नको. जी दोघं-तिघं तरुण होती त्यांची सोय वरच्या ठाण्यावर लागली. बसाताईसाठी साहेबांनी सामानाच्या खोलीतलं काम ठेवलं होतं. भाड्याचे बूट पुसायचे, वाळवायचे, मांडणीत लावायचे. काम वाईट नव्हतं, पण ती खोली तळघरात होती. तिला खिडकी नव्हती आणि तिथे शेकडो पायांचा वास मुक्कामाला होता.

"आणखी एक जागा आहे," साहेब जाता जाता म्हणाले, "पण ती तुमच्या कामाची नाही." ती जागा उतारावरच्या टोळीत होती. जाळ्या बांधायच्या, खुणेच्या काठ्या रोवायच्या, पडलेल्यांना उभं करायचं. अट एकच होती. हिवाळा संपायच्या आत टोळीच्या मुकादमबाईंच्या समोर, फळ्यांवरून, मधल्या ठाण्यापासून खालपर्यंत येऊन दाखवायचं.

"मी शिकते," बसाताई म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनेही स्वतःकडे तसंच पाहिलं असतं, सोय असती तर. तोंडातून शब्द गेला होता आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईने भर सभेत दिलेला शब्द मागे घेणं तिला तळघराहून अवघड वाटलं.

घरी ही बातमी फुटली तेव्हा नवऱ्याने ब्रेडचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला आणि मग शांतपणे म्हणाला, की शिक, पडशील तेव्हा खाली बर्फच आहे, फरशी नाही. सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाईमाणसाने ह्या वयात हातपाय शाबूत ठेवायचे असतात, डोंगरावर उधळायचे नसतात. पण बोलणं एक आणि करणं एक असा त्यांचा स्वभाव. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी लोकरीचे गुंडे काढले आणि सुनेसाठी मोजे विणायला घेतले. जाड, दुहेरी विणीचे, गुडघ्यापर्यंत येतील असे. "थंडीने तरी मरू नकोस," म्हणाल्या.

शिकवायला धाकटा भाऊ होता. तो डोंगरावर पर्यटकांच्या मुलांना शिकवायचा, त्यामुळे बहिणीलाही त्याने त्याच सुरात घेतलं. आता फळ्यांची पुढची टोकं जवळ घ्यायची, आता गुडघे वाकवायचे, शाब्बास. बसाताईला तो सूर चालला असता. चालला नाही तो बूट. तळघरातलाच भाड्याचा बूट होता तो. बाहेरून प्लास्टिकचं कडक कवच, आतून गादी, वर लोखंडी खटके. डावं पाऊल आत घालून खटके लावले की त्या टेंगळावर कोणीतरी अंगठा रोवून उभं राहिल्यासारखं व्हायचं. पाच-सात वळणं घेतली की पायाची आग अक्षरशः मस्तकात जायची. मग ती उतारावर कडेला उभी राहायची, वाकून खटके सोडायची, आणि भाऊ वरून ओरडायचा, की ताई, सारखी थांबतेस कशाला.

"दुखतंय," ती म्हणायची.

"सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं. घाबरतेस म्हणून जास्त वाटतं."

पाय दाखवला असता तर त्याला कळलं असतं. पण वखारीतल्या त्या दिवशी तो पाळण्यात होता, त्याला मोठेपणी कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि आता बर्फात उभं राहून ती कुठून सुरुवात करणार?

तिने मग आपल्या अकलेने मार्ग काढला. बूट दाबतो, तर मोठा घ्यावा. शहरातल्या मोठ्या दुकानात हंगामाचा सेल लागला होता. तिथल्या विक्रेत्याने तिला रोजच्या चपलेचा नंबर विचारला आणि त्याहून मोठा जोड आणून दिला. पाऊल आत गेलं ते लोण्यात सुरी जावी तसं. सासूबाईंचे मोजे घातल्यावर तर बूट जणू उशीच झाला. बसाताई दुकानाच्या गालिच्यावर इकडून तिकडे चालली आणि तिला वाटलं, इतकी वर्षं उगाच भ्याले. विक्रेताही म्हणाला, की बघा, किती आरामशीर. घरी येऊन तिने ते बूट दिवाणखान्यात घालून दाखवले. नवरा म्हणाला, की आता जमीन सोडून चंद्रावर निघालीस की काय.

उतारावर मात्र त्या बुटांनी खरं रूप दाखवलं. ती पाय वळवायची, पाऊल बुटाच्या आत वळायचं, आणि बूट आपला सरळ जायचा. बुटाबरोबर फळीही सरळ. टाच आत वर-खाली उचलली जायची. टाच धरावी म्हणून ती खटके शेवटच्या दातापर्यंत आवळायची. मग पाऊल बधिर व्हायचं, आणि बधिर पावलाने वळण कसं घ्यायचं हे भावालाही सांगता येईना. एके दिवशी मऊशार उतारावर, जिथे लहान मुलं गाणी म्हणत खाली येतात, तिला डावीकडे वळायचं होतं आणि ती वळली नाही. सरळ गेली ती थेट केशरी जाळीत. हात, पाय, काठ्या, फळ्या सगळं जाळीत अडकलं. बाजारात नेलेल्या कोबीसारखी ती त्या जाळीत पडून राहिली.

सोडवायला आल्या त्या नेमक्या मुकादमबाई. ह्या बाई उंच, सडपातळ, आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी एकेक फळी सोडवली, बसाताईला बर्फावर बसवलं. बसाताईने त्यांना तिथेच सांगून टाकलं, की मला सामानाची खोलीच बरी, साहेबांना तसं कळवा. सांगताना आवाज नीट राहिला ह्याचंच तिला समाधान वाटलं. मुकादमबाईंनी ते ऐकलं न ऐकलं. त्या तिच्या बुटाकडे बघत होत्या. त्यांनी वरचे खटके सोडले, हातमोजा काढला, आणि टाचेच्या मागे सगळी बोटं खाली घातली. सगळी बोटं आत गेली.

"हे बूट तुमचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"विकत घेतलेत मी."

"घेतले असतील. तुमचे नाहीत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "खालच्या गावात मापाडी आहे. त्याच्याकडे जा. मग सामानाच्या खोलीचं बघू."

मापाडी हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. पण तो आल्या माणसाचं पाऊल असं निगुतीने मोजायचा, की धान्य मोजणाऱ्यानेही शिकावं. कुलुपं-खिळे विकणाऱ्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. खोलीत एक बाक, एक छोटी भट्टी, घासायचं यंत्र आणि भिंतीला टांगलेली बुटांची रिकामी कवचं. माणूस जाडसर, चष्मा कपाळावर ढकललेला. बसाताई आत आली, बाकावर बसली, आणि आपल्याला कोणते बूट हवेत ते सांगू लागली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी पाय बघू. मोजे काढा."

तिने उजवा मोजा काढला.

तो थांबला. हात गुडघ्यावर ठेवून बसला. खाली दुकानात कोणीतरी खिळे तागडीत ओतत होतं, त्याचा आवाज वर येत होता. बसाताईने डावा मोजा घोट्यापर्यंत सोडवला आणि तिथे तिचा हात अडला. तिला वाटलं, उठावं आणि जिना उतरून जावं. तळघरात खिडकी नाही तर नाही. मग तिने दात आवळले आणि मोजा ओढून काढला, जखमेवरची पट्टी ओढतात तसा, एकदम.

मापाडी सरळ जमिनीवर पालथा पडला. ती दचकली. पण त्याची पद्धतच ती होती. गाल फरशीला टेकवून तो तिचं पाऊल कुठे टेकतं आणि कुठे टेकत नाही ते बघत होता. मग उठून त्याने पाऊल हातात घेतलं, टेंगळाभोवती अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कशाने झालं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. बघू दिलंच नव्हतं, तर विचारणार कोण? तिने ओंडक्याचं सांगितलं. वडिलांनी तिला पाठुंगळी घेऊन घरापर्यंत कसं आणलं, तेही सांगितलं. पाय बघितला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून आपण तो झाकायला लागलो, हेही सांगून गेली. बोलून झाल्यावर तिला कळलं, की हे आपण स्वतःलाही आत्ताच सांगितलं. मापाडी म्हणाला, की हाड मजबूत जुळलंय, चांगलं काम देईल. बस एवढंच. आणि मोजमापाला लागला.

त्याने जो बूट आणला तो बघूनच तिची पाचावर धारण बसली. तिच्या आरामशीर जोडापुढे हा अगदीच लहान. त्याने आतली गादी बाहेर काढली, नुसत्या कवचात तिचं पाऊल घालायला लावलं, बोटं पुढे टेकवली आणि मागे टाचेजवळ आपली दोन बोटं घालून पाहिली. मान डोलावली. मग गादी परत घातली, तिला उभं केलं.

"बोटं टोकाला लागतायत," ती म्हणाली.

"लागू देत. आता गुडघे पुढे वाकवा. उतारावर वाकवाल तसे."

तिने गुडघे वाकवले. टाच मागच्या खोबणीत जाऊन बसली आणि बोटं टोकापासून सुटली. ती पुन्हा सरळ झाली, पुन्हा वाकली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मापाडी पहिल्यांदा हसला. म्हणाला, की दुकानात सरळ उभं राहून जो बूट ऐसपैस वाटतो तो डोंगरावर दगा देतो, गादी दबली की आणखीच सैल होतो. बुटाने पाऊल धरायचं असतं, हस्तांदोलन करताना हात धरतो तसं. चुरगळायचंही नाही आणि सोडायचंही नाही.

मग तो सुखतळ्याकडे वळला. बुटात पायाखाली जो तळ घालतात त्याला आता सगळे इनसोल म्हणतात, पण मापाडी जुना शब्द वापरायचा. म्हणायचा, की त्यात सुख आहे म्हणून. भट्टीत त्याने दोन तळ गरम केले, मऊ उशांवर ठेवले आणि तिला त्यांवर उभं केलं. ती उभी असताना मागून त्याने तिची डावी टाच दोन्ही हातांनी धरून सरळ केली आणि तळ थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवली. टेंगळावर शाईचा ठिपका काढून तिचं पाऊल कवचात उतरवलं. ठिपका आत जिथे उमटला तिथलं प्लास्टिक गरम हवेने नरम करून, शिकंज्यात धरून बाहेर फुगवलं. एवढं सगळं झाल्यावर तिने पिशवीतून सासूबाईंचे मोजे काढले. मापाडीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, की विणकाम फार सुरेख आहे, पण हे बुटात घालायचे नाहीत. एकच मोजा, पातळ. जाड मोजा चुणी धरतो, घाम धरतो आणि रक्त अडवतो, म्हणून पाय उलट गारठतो.

बूट जमले, पण ही दुसरी भानगड घेऊन बसाताई घरी आली. सासूबाईंनी डोळ्यांत तेल घालून विणलेले मोजे घालायचे नाहीत, हे त्यांना सांगणार कोण? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, की मी पहाटे कामाला जातो, मला ह्यात धरू नका. मग ती घरून जाड मोजे घालून निघायची आणि लिफ्टच्या खोलीत पातळ चढवायची. आठवडाभर हे नाटक चाललं. एक दिवस सासूबाई धुण्याचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मोजा उचलला, नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हा दिवसभर बुटात होता?"

"हो, आई."

"ह्याला पायाचा वास नाही. लोकरीचाच येतोय."

बसाताईने मग सगळं सांगितलं. आधी मोज्यांचं, आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, पायाचं. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांनी मोजे घडी करून बाजूला ठेवले. दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. मोज्यांमुळे रुसल्या, की इतकी वर्षं एका घरात राहून सुनेने पाय लपवला म्हणून, ते बसाताईला समजेना.

इकडे नव्या बुटांनी पहिल्या दिवसापासून कमाल केली होती. पाय वळवला की बूट वळत होता, बूट वळला की फळी. भाऊ बघतच राहिला. त्याला वाटलं, रात्रीतून हिने कुठे शिकवणी लावली की काय. पण सासूबाई रुसल्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्यांदाच उतारावर सलग तासभर काढल्यावर, डाव्या तळव्यात कमानीखाली जळजळ सुरू झाली. टेंगूळ शांत होतं, दुखत होतं ते भलत्याच ठिकाणी. ती खाली आली, खटके सोडले आणि बाकावर बसून राहिली. म्हणजे पायच मुळात असा, त्याला कोणताही बूट चालणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं. घरी आल्यावर चेहऱ्यावरूनच सासूबाईंनी ओळखलं. दोन दिवसांचं मौन सोडून त्या म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे ना तुझी? त्या माणसाकडे जाऊ. मीही येते."

सासूबाई घराबाहेर पडणार हीच मोठी बातमी होती. दोन वर्षांत त्या कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. कंटाळा येतो म्हणायच्या. जिना चढताना बसाताईने पाहिलं, की त्या प्रत्येक पायरीवर पाऊल तिरकं टाकतायत आणि ओठ घट्ट मिटतायत.

मापाडीने बसाताईचं म्हणणं ऐकलं, कुठे, केव्हापासून, कोणत्या वळणाला जास्त, ते विचारलं. ती म्हणाली, की उजवीकडे वळताना, जेव्हा सगळा भार डाव्या पायावर येतो. त्याने तळ बाहेर काढून उजेडात धरला आणि कमानीच्या जागी अंगठा फिरवून पाहिला.

"चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "तुमची कमान मी वर उचलायला गेलो. हे हाड आता उचललं जाणार नाही, ते जिथे बसलंय तिथे पक्कं बसलंय. त्याला आहे तिथेच टेकू द्यायला हवा होता. मी सरळ करायला बघत होतो."

तो यंत्रावर तळ घासत होता तेव्हा सासूबाई बाकावर बसून त्याचे हात बघत होत्या. घासायचा, बुटात घालायचा, तिला उभं करायचा, पुन्हा काढायचा. असं तीन-चारदा झाल्यावर बसाताईने गुडघे वाकवले, सगळा भार डाव्यावर घेतला आणि वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. जळजळ नाही, टोचणं नाही. पायाखाली काहीतरी आहे एवढंच जाणवत होतं, खुर्चीत पाठीला पाठ लागावी तसं.

"झालं?" मापाडीने विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

तो हात पुसत होता तेवढ्यात सासूबाईंनी खाली वाकून आपल्या बुटाची नाडी सोडली. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल पुढे केलं. अंगठ्याखालचं हाड बाहेर आलं होतं, बोटं एकमेकांवर चढली होती. "डोंगर बिंगर मला काही चढायचा नाही," त्या म्हणाल्या, "नदीकाठच्या बाकापर्यंत जायचंय. होईल का काही?"

मापाडी पुन्हा फरशीवर पालथा पडला. परतताना दोघी सासू-सुना हळूहळू चालत आल्या. वाटेत सासूबाई म्हणाल्या, की तू मोजे काढले असतेस तर मीही केव्हाच काढले असते. आणि थोड्या वेळाने, की लोकर वाया जाणार नाही, उसवून पातळ विणता येते.

पुढचे काही आठवडे बसाताईने एकही सुट्टी घरात घालवली नाही. खालचे खटके हलके लावायचे, वरचे घट्ट. लिफ्टमधून वर जाताना सगळे सैल सोडायचे, म्हणजे रक्त फिरतं. बूट रात्री गार ठेवायचे नाहीत, आतली गादी काढून वाळवायची. हे सगळं तिच्या हाताला बसलं. पडणं थांबलं नाही, पण आता ती का पडली ते तिला कळायचं, आणि ज्याचं कारण कळतं त्याची भीती अर्धी होते. सेलमधला तो मोठा जोड तिने भावाच्या बायकोला घालून बघायला दिला. तिचं पाऊल लांब होतं, रुंद होतं, मागे दोनच बोटं जातील असा तो तिला बेताचा बसला. भावाला बसाताईने एकदा पाय दाखवलाही. त्याने वाकून टेंगळाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तू सांगितलं का नाहीस? मी आपला घाबरतेस, घाबरतेस म्हणत राहिलो." ती म्हणाली, की घाबरतही होतेच मी, ते काही खोटं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बर्फ कडक झाला होता. आदल्या दिवशी वितळून रात्री पुन्हा गोठला होता, काचेसारखा. मुकादमबाई मधल्या ठाण्यावर उभ्या होत्या. त्यांनी दिवस बदलून देऊ का विचारलं. बसाताई म्हणाली, की काम असेल तेव्हा बर्फ विचारून गोठणार आहे का, आणि निघाली. पहिला उतार बरा गेला. दुसऱ्या वळणावर फळीची कड निसटली आणि ती कुशीवर पडून बरीच खाली घसरत गेली. थांबल्यावर तिने आधी पाय हलवून पाहिले, मग टोपी सरळ केली, मग उठली. उठताना तिला ऐकू आलं, की खाली कुंपणापाशी कोणीतरी "उठली!" म्हणून ओरडलं. तो नवरा होता. पहाटेचं काम संपवून, अंगावर पीठ तसंच, झोप टाकून आला होता. उरलेला उतार ती सावकाश आली, रुंद वळणं घेत, शिवणयंत्रावर टीप घालावी तशी. घाई नाही आणि टाका चुकवणं नाही.

मुकादमबाई मागून खाली आल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"वेग नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," बसाताईने कबूल केलं.

"वेगाचं काम तरुण पोरं करतात. मला जाळी नीट बांधणारं माणूस हवंय. ह्या वर्षी खालचा उतार. वरचा पुढच्या हिवाळ्यात बघू."

नवऱ्याने कुंपणावरून वाकून तिच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. त्याच्या हाताचं पीठ तिच्या कोटाला लागलं आणि दोघांनाही ते बराच वेळ दिसलं नाही.

आता तिचा तिसरा हिवाळा चालू आहे. वरचा उतार तिच्याकडे आला आहे. वादळाचा इशारा आला की खुणेच्या काठ्यांची मोळी पाठीवर घेऊन ती सगळ्यांच्या आधी निघते, आणि तिने रोवलेली काठी वाऱ्याने वाकते पण उपटत नाही, असं टोळीत म्हणतात. सुखतळे एकदा झिजले म्हणून बदलले. मापाडीने जुन्यावरूनच नवे घडवले आणि ह्या वेळी एकदाच घासावे लागले. सासूबाई दुपारी नदीकाठी जाऊन बसतात. तिथे त्यांना आणखी दोन म्हाताऱ्या भेटल्या आहेत, तिघींची गट्टी जमली आहे, आणि त्यांचं घरी परतणं हल्ली अंधार पडायच्या सुमाराला असतं.

सुट्टीच्या दिवशीही बसाताई सकाळी उठून बूट उचलते. एकदा नवऱ्याने डोळे चोळत विचारलं, की आज काम नाही ना, मग निघालीस कुठे?

"वर," ती म्हणाली, "आणि मग खाली."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि दार हलकेच लावून घेतलं, कारण त्याला अजून झोपायचं होतं.